उंबरठ्याबाहेरचे रुग्ण : बोस्टन शहरातील बेघरांच्या आरोग्यसेवेचा इतिहास

कोणत्याही दवाखान्यात गेले की प्रथम केसपेपर काढावा लागतो. त्यावर नाव, वय आणि मग पत्ता लिहावा लागतो. नाव व वय बहुतेक सर्वांना सांगता येते. पत्त्याच्या रकान्यापाशी मात्र काही माणसे थबकतात. पुलाखालची जागा, रेल्वेचा फलाट, बंद दुकानाची पायरी यांना पत्ता म्हणत नाहीत. हा रकाना कोणी दुष्ट हेतूने ठेवलेला नाही. रुग्णाला पुन्हा बोलावता यावे, त्याच्या नातलगांना निरोप धाडता यावा, एवढाच त्यामागील उद्देश. तथापि त्या एका रकान्यात आधुनिक वैद्यकाचे एक गृहीत दडलेले आहे. रुग्णाला घर आहे, असे ते गृहीत होय.

हे गृहीत खोटे ठरते तेव्हा काय होते, आणि ते दुरुस्त करण्यासाठी काय करावे लागते, याचा चार दशकांचा सलग इतिहास अमेरिकेतील बोस्टन शहरात पाहावयास मिळतो. उत्तमोत्तम रुग्णालये व जगप्रसिद्ध वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या त्या शहरात रुग्णालयाच्या भिंतीलगत झोपणारी माणसे साध्यासाध्या व्याधींनी दगावत होती. अंतर अवघे काही पावलांचे होते, पण ते पार होत नव्हते. ते कसे पार झाले, आणि कोठवर पार झाले, याचा हा आढावा.

रुग्णालये मुळात कोणासाठी?

इतिहासातील एक विसंगती येथे प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. बोस्टन डिस्पेन्सरी ही संस्था १७९६ साली स्थापन झाली. गरीब रुग्णास दरिद्रालयात पाठविण्याऐवजी त्याच्या राहत्या जागीच वैद्य पाठवून उपचार करावेत, हा तिचा हेतू होता. ज्यांना राहती जागाच नव्हती त्यांच्या वाट्याला मात्र दरिद्रालयच येई. पुढे १८२१ साली मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने आपली दारे उघडली आणि १८६४ साली बोस्टन सिटी हॉस्पिटल सुरू झाले.

त्या काळी सुखवस्तू मनुष्य आजारी पडला तर रुग्णालयात जात नसे. वैद्य त्याच्या घरी येई आणि घरातील माणसे त्याची शुश्रूषा करीत. रुग्णालयात येई तो ज्याला घर नाही किंवा घरात करणारे कोणी नाही असा मनुष्य : बंदरात उतरलेला खलाशी, परगावाहून आलेला मजूर, एकाकी विधवा. औषधे फारशी नव्हतीच. स्वच्छ अंथरूण, ऊब, वेळेवर अन्न आणि कोणीतरी जवळ असणे, हाच उपचाराचा मोठा भाग होता. म्हणजे रुग्णालय ही संस्था आरंभी बेघरांचे तात्पुरते घरच होती.

विसाव्या शतकात चित्र पालटले. शस्त्रक्रिया सुरक्षित झाल्या, क्ष-किरण आले, प्रतिजैविके आली. रुग्णालय हे ज्ञानाचे व यंत्रांचे केंद्र बनले आणि तेथील प्रत्येक दिवस महाग झाला. १९८३ साली अमेरिकेच्या मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेने रुग्णालयांना दिवसांप्रमाणे पैसे देण्याऐवजी व्याधीप्रमाणे ठरावीक रक्कम देण्याची पद्धत स्वीकारली. रुग्णाला लवकर घरी पाठविणे हे सर्वत्र शहाणपणाचे मानले जाऊ लागले. ‘उरलेली विश्रांती घरी घ्या’ हा सल्ला ज्याला घर आहे त्याच्या हिताचाच होता. ज्याला घर नाही त्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच होता : टाके ओले असतानाच पुन्हा रस्त्यावर. जी संस्था मुळात बेघरांसाठी उभी राहिली, तिच्या कारभारातच घर गृहीत धरले गेले, ते असे.

रस्त्यावर आलेली माणसे

त्याच सुमारास अमेरिकेतील शहरांत बेघरांची संख्या वाढू लागली होती. त्याची कारणे अनेक होती. मोठमोठी मनोरुग्णालये गेल्या दोन-तीन दशकांत रिकामी करण्यात आली होती, पण त्यांच्या जागी वस्तीवस्तीत जी मानसोपचार केंद्रे उभी राहावयाची होती ती पुरेशी उभी राहिली नाहीत. बोस्टनच्या साउथ एंड भागात एकट्या मजुरांना स्वस्तात भाड्याने मिळणाऱ्या खोल्या होत्या. नगरसुधारणेच्या लाटेत त्या पाडल्या गेल्या किंवा श्रीमंतांची घरे बनल्या. त्यात १९८१-८२ ची आर्थिक मंदी आली आणि गरिबांच्या घरबांधणीवरील केंद्र सरकारचा खर्चही कमी झाला.

बोस्टनमधील पाइन स्ट्रीट इन हा निवारा १९६९ साली सुरू झाला होता. १९८० साली तो अग्निशमन दलाच्या जुन्या मुख्यालयात हलविण्यात आला. रात्री शेकडो माणसे तेथे शेजारी शेजारी झोपत. खाटा कमी पडल्या की जमिनीवर झोपत. अशा गर्दीत १९८४ च्या सुमारास क्षयरोगाने डोके वर काढले. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा तो क्षयरोग होता. १९८६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात या साथीविषयी जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. ज्यांना पूर्वी कधीतरी क्षयाचा संसर्ग होऊन गेला होता, त्यांनाही निवाऱ्यात नव्याने संसर्ग होत होता. म्हणजे व्याधीचे मूळ केवळ रुग्णाच्या शरीरात नव्हते, त्याच्या झोपण्याच्या जागेतही होते. औषध देऊन त्याच जागी परत पाठविणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे होते.

‘धर्मादाय नको, न्याय हवा’

रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशन व प्यू मेमोरियल ट्रस्ट या दोन धर्मादाय संस्थांनी याच काळात एक योजना आखली. अमेरिकेतील १९ शहरांत बेघरांसाठी आरोग्यसेवा उभी करण्याकरिता चार वर्षे अनुदान द्यावयाचे, असे ठरले. योजनेचे नेतृत्व डॉ. फिलिप ब्रिकनर यांच्याकडे होते. न्यूयॉर्कमधील स्वस्त हॉटेलांत एकाकी राहणाऱ्या गरिबांची सेवा ते १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून करीत आले होते. निवडलेल्या शहरांत बोस्टनचा समावेश झाला.

योजना आखण्यासाठी बोस्टनमध्ये जी मंडळी एकत्र आली त्यांत निवारे चालविणारे, परिचारिका, कार्यकर्ते आणि स्वतः बेघर असलेली माणसेही होती. त्यांनी काही अटी घातल्या. सवडीने येणारे स्वयंसेवक डॉक्टर नकोत. पगारी, पूर्णवेळ आणि दीर्घकाळ टिकणारे डॉक्टर हवेत. आज एक, उद्या दुसरा असे चेहरे बदलत राहिले तर ज्यांना आयुष्यात सर्वांनी सोडून दिले आहे त्यांचा विश्वास बसणार नाही. दुसरी अट अशी की, रुग्णालयातून बाहेर पडल्यावर विश्रांतीसाठी खाटा हव्यातच. आणि या सर्वांमागील सूत्र होते ते हे की, ही सेवा उपकार म्हणून नको, न्याय म्हणून हवी.

या अटी त्या काळी अनेकांना अवाजवी वाटल्या असतील. फुकट मिळणाऱ्या सेवेला अटी घालणारे हे कोण, असा प्रश्न दात्याच्या मनात सहज येतो. परंतु पुढील चाळीस वर्षांचा इतिहास पाहता, बोस्टनचे कार्य टिकले ते या अटींमुळेच, असे म्हणावे लागते.

पायांपासून आरंभ

१९८५ च्या उन्हाळ्यात डॉ. जेम्स ओकॉनेल हे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील आपले प्रशिक्षण पूर्ण करीत होते. तत्त्वज्ञानाचा अभ्यास, मग अध्यापन अशी वळणे घेत ते तिशीत वैद्यकाकडे वळले होते. पुढे न्यूयॉर्कला जाऊन कर्करोगाचे विशेषज्ञ व्हावयाचे हे ठरलेले होते. त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना गळ घातली की, त्यापूर्वी एक वर्ष या नव्या कामाला द्यावे. एका वर्षाच्या बोलीने ते गेले आणि आयुष्यभर तेथेच राहिले.

पाइन स्ट्रीट इनमध्ये परिचारिकांनी १९७० च्या दशकाच्या आरंभापासून स्वतःचा दवाखाना चालविला होता. तो डॉक्टरांच्या आधाराशिवाय चाले. बार्बरा मॅकइनिस या त्यांतील एक ज्येष्ठ परिचारिका. नामांकित विद्यापीठातून आलेला हा तरुण डॉक्टर गळ्यात स्टेथॉस्कोप घालून, भराभर प्रश्न विचारून, निदान करण्याच्या उत्साहात तेथे पोहोचला. मॅकइनिस यांनी त्याला स्टेथॉस्कोप पिशवीत ठेवावयास सांगितले आणि रुग्णांचे पाय धुण्याचे काम दिले. काही दिवस नव्हे, कित्येक आठवडे त्यांनी तेच काम केले.

हे काम शिक्षा म्हणून दिलेले नव्हते. दिवसभर चालत राहणाऱ्या माणसाचे पाय हेच त्याच्या व्याधींचे पहिले ठिकाण असते. पायमोजे ओले झाले तरी बदलावयास दुसरे नसतात. बूट काढून झोपावे तर सकाळी ते जागेवर असतील याची शाश्वती नसते. बसल्याबसल्या झोपल्याने पायांना सूज येते, कातडी फाटते, जखमा चिघळतात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला खिळा टोचला तरी कळत नाही. बोस्टनच्या हिवाळ्यात तर हिमदंशाने बोटे गमवावी लागतात. कोमट पाण्यात जंतुनाशक घालून पाय बुडविले की दुखणे थांबते आणि पाय तपासलेही जातात.

त्याहून मोठा लाभ वेगळाच होता. रुग्ण खुर्चीवर बसलेला आणि डॉक्टर त्याच्या पायाशी जमिनीवर बसलेला, अशी ती रचना होती. रुग्णालयात डॉक्टर उभा असतो आणि रुग्ण आडवा असतो. येथे ते उलट झाले. ज्यांच्या अंगाला वर्षानुवर्षे मायेने कोणी हात लावला नव्हता, आणि मनोविकारामुळे ज्यांना कोणी जवळ आलेले सहन होत नव्हते, त्यांना पायांपुरता स्पर्श चालत असे. डॉ. ओकॉनेल यांनी पुढे अनेकदा एका वृद्ध गृहस्थांची हकीकत सांगितली आहे. हे गृहस्थ रुग्णालयात वारंवार येत, पण कोणताही उपचार घेण्यास साफ नकार देत. निवाऱ्यात मात्र ते पाय धुवून घेण्यास रोज येऊ लागले. कित्येक आठवडे लोटल्यावर एके दिवशी त्यांनीच विचारले की, तुम्ही तर डॉक्टर आहात म्हणे, मग पाय काय धुता? आणि त्यानंतर त्यांनी औषध घेण्याचे मान्य केले. रुग्णालयाच्या नोंदींत ‘सहकार्य न करणारा’ म्हणून ज्याची गणना झाली होती, तो वेळ व आदर मिळताच सहकार्य करू लागला.

या एका प्रसंगात सगळ्या कार्याचे मर्म सापडते. बेघर मनुष्य उपचार नाकारतो असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याने उपचाराची पद्धत नाकारलेली असते. तासन्‌तास रांगेत थांबावे तर निवाऱ्यातील जेवणाची वा खाटेची वेळ टळते. अंगावरचा वास आणि फाटके कपडे यांमुळे शेजारी बसलेले उठून जातात. सोबतचे बोचके कोठे ठेवावे हा प्रश्न असतो. ही सर्व कारणे बाहेरून दिसत नाहीत. दिसतो तो केवळ त्याचा नकार.

विश्रांतीची खाट

अटींप्रमाणे १९८५ मध्येच शॅटक हॉस्पिटलच्या आवारातील एका निवाऱ्यात २५ खाटांची सोय करण्यात आली. रुग्णालयात ठेवण्याइतके आजारी नसलेले, पण रस्त्यावर राहून बरे होऊ न शकणारे रुग्ण तेथे ठेवले जात. न्यूमोनियातून उठलेला, पायाला प्लास्टर घातलेला, कर्करोगावर किरणोपचार घेणारा, अशा माणसांना दिवसा निवाऱ्याबाहेर काढले जाऊ नये, एवढीच मुळात अपेक्षा होती.

ही कल्पना किती आवश्यक होती हे काही उदाहरणांवरून कळते. इन्शुलिन थंड ठिकाणी ठेवावे लागते आणि त्याच्या सुया सुरक्षित ठेवाव्या लागतात; पदपथावर या दोहोंची सोय नसते. लघवी वाढविणारी गोळी हृदयविकारात फार उपयुक्त असते, पण जवळ शौचालय नसलेला माणूस ती घेणे टाळतो. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करावयाची तर आदल्या दिवशी रेचक घ्यावे लागते. ज्याला शौचालयच नाही त्याने ते कोठे घ्यावे? तेव्हा केवळ या पूर्वतयारीसाठीही रुग्णांना विश्रांतिगृहात ठेवून घेतले जाऊ लागले. औषधांच्या चिठ्ठीवर कधीही न लिहिले जाणारे औषध म्हणजे छप्पर, हे येथे प्रत्यक्ष दिसून आले.

१९९३ साली या कार्यासाठी स्वतंत्र वास्तू मिळाली आणि तिला ‘बार्बरा मॅकइनिस हाउस’ असे नाव देण्यात आले. मॅकइनिस त्या वेळी हयात होत्या. २००३ साली त्यांचे निधन झाले. २००८ साली हे विश्रांतिगृह अधिक प्रशस्त इमारतीत गेले आणि खाटांची संख्या १०४ झाली. ती इमारत म्हणजे पूर्वीचे शहराचे शवागार होय. ज्या वास्तूत बेवारस म्हणून नोंदली गेलेली प्रेते येत असत, तेथेच तशी माणसे आता जिवंतपणी, बरी होण्यासाठी येऊ लागली.

दारापासून रस्त्यापर्यंत

निवाऱ्यातही न येणारी माणसे होती. त्यांच्यासाठी पाइन स्ट्रीट इनची गाडी रात्रभर शहरातून फिरे. गरम सूप, पांघरुणे व कोरडे मोजे घेऊन निघालेल्या त्या गाडीतून डॉ. ओकॉनेल वर्षानुवर्षे फिरले. पुलाखाली व इमारतींच्या आडोशाला झोपलेल्यांना हलकेच हाक मारावयाची, सूप द्यावयाचे, नाव विचारावयाचे आणि मगच दुखण्याकडे वळावयाचे, असा क्रम होता. पुढे रस्त्यावरील रुग्णांसाठी स्वतंत्र पथक नेमण्यात आले.

आणखी एक अडथळा स्मरणाचा होता. बेघर मनुष्य आज एका दवाखान्यात, उद्या दुसऱ्या रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात जातो. प्रत्येक ठिकाणी त्याची कहाणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि त्याच त्या तपासण्या पुन्हा होतात. १९९० च्या दशकाच्या मध्यास, मोठ्या रुग्णालयांतही कागदी नोंदी प्रचलित असताना, बोस्टनच्या या कार्यक्रमाने संगणकीय नोंदी सुरू केल्या. रुग्ण कोणत्याही निवाऱ्यात गेला तरी त्याचा पूर्वेतिहास तेथे उपलब्ध होऊ लागला. घराऐवजी त्याची नोंदच त्याचा पत्ता बनली.

१९८७ च्या जुलैमध्ये अमेरिकेत मॅकिनी कायदा संमत झाला आणि बेघरांच्या आरोग्यसेवेस केंद्र सरकारचा निधी मिळू लागला. १९ शहरांत चार वर्षांच्या अनुदानावर उभा राहिलेला प्रयोग अशा रीतीने कायमचा झाला. आज त्या देशात असे सुमारे ३०० कार्यक्रम चालतात.

आकडे काय सांगतात?

बोस्टनच्या कार्यकर्त्यांचा एक विशेष असा की, त्यांनी आपले अपयशही मोजले. १९८८ ते १९९३ या काळात या सेवेचा लाभ घेतलेल्या १७,२९२ प्रौढांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६०६ जण मरण पावले होते आणि मृत्यूसमयी त्यांचे सरासरी वय अवघे ४७ वर्षे होते. २५ ते ४४ या वयोगटात मृत्यूचे प्रमुख कारण एड्स हे होते.

त्यानंतर एड्सवर प्रभावी औषधे आली आणि ती बेघरांपर्यंतही पोहोचविण्यात आली. २००६ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने जवळजवळ सर्व नागरिकांना आरोग्य विम्याचे छत्र देणारा कायदा केला. २००३ ते २००८ या काळातील २८,०३३ रुग्णांचा दुसरा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,३०२ मृत्यूंची नोंद होती. एड्सचे मृत्यू पुष्कळ घटले होते, पण त्यांची जागा अमली पदार्थांच्या अतिसेवनाने घेतली होती. त्यामागोमाग कर्करोग व हृदयविकार ही कारणे होती. जे रस्त्यावरच झोपतात त्यांची स्थिती त्याहून बिकट होती. २००० ते २००९ या काळात अशा ४४५ जणांचा मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी १३४ दगावले. राज्यातील सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे दहापट होते.

या आकड्यांतून दोन बोध मिळतात. पहिला असा की, पैशाचा अडथळा दूर होणे आवश्यक आहे, पण ते पुरेसे नाही. विमा मिळाला, डॉक्टर पायाशी येऊन बसला, तरी रस्ता माणसाला मारीतच राहतो. दुसरा बोध असा की, नेमके अपयश ठाऊक असेल तरच पुढील पाऊल टाकता येते. अतिसेवनाचे मृत्यू दिसले म्हणूनच २०१६ साली या संस्थेने आपल्या इमारतीत एक कक्ष उघडला. अमली पदार्थांच्या गुंगीत असलेल्या माणसाला तेथे परिचारिकेच्या देखरेखीखाली सुखरूप बसू दिले जाई. त्याला दोष देण्याआधी त्याचा श्वास चालू ठेवणे महत्त्वाचे मानले गेले.

२०२० च्या वसंतात कोरोनाची साथ आली, तेव्हा १९८४ च्या क्षयरोगाची आठवण ताजी झाली. बोस्टनच्या एका निवाऱ्यातील ४०८ जणांची एकाच वेळी तपासणी केली असता १४७ जण बाधित आढळले, आणि त्यांपैकी बहुतेकांना कोणतीही लक्षणे नव्हती. शहराच्या प्रदर्शन केंद्रात १,००० खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभारण्यात आले आणि त्यातील निम्म्या खाटा बेघरांसाठी राखून ठेवण्यात आल्या. शहराचे आरोग्य सर्वांचे मिळून एकच असते, हे पटावयास साथीचे रोग यावे लागतात, हे इतिहासातील एक कटू सत्य होय.

आपल्या अंगणात

बोस्टनची ही कहाणी दूरची वाटली तरी तिच्यातील प्रश्न महाराष्ट्राला परके नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर होती; त्यांपैकी सुमारे २ लाख १० हजार महाराष्ट्रात होती. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असे आदेश दिले. तरीही शिधापत्रिका, आधार कार्ड वा रहिवासाचा दाखला यांवाचून बहुतेक आरोग्य योजनांची दारे सहजी उघडत नाहीत. १९९७ पासून देशभर विस्तारत गेलेल्या सुधारित क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमातही उपचार सुरू करण्यापूर्वी रुग्णाच्या घरी जाऊन पत्त्याची खातरजमा करण्याची पद्धत होती. रुग्णाने औषध अर्धवट सोडू नये हा तिचा उद्देश योग्यच होता. पण फलाटावर झोपणाऱ्याची खातरजमा कोठे करावयाची?

पायाशी बसणाऱ्या डॉक्टरांची परंपरा मात्र येथेही आहे. मुंबईतील डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ साली रस्त्यावर घाण पाणी पिणारा एक तरुण पाहिला आणि त्याला आपल्या खासगी रुग्णालयात नेले. उपचारांनंतर तो आंध्र प्रदेशातील सुशिक्षित कुटुंबातील पदवीधर असल्याचे कळले. त्यातून ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’चा जन्म झाला. आरंभी दहिसर येथे व २००६ पासून कर्जत येथे भटक्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशाच्या कानाकोपऱ्यातील त्यांच्या घरी पोहोचविण्याचे कार्य चालू झाले. दहिसरच्या केंद्रास आरंभी शेजाऱ्यांचा विरोध झाला होता आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेला होता, ही गोष्टही विसरता येत नाही. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक माणसे आपापल्या घरी परतली होती. बोस्टनमध्ये रुग्णाला खाट देऊन घराची उणीव भरून काढली गेली. कर्जतमध्ये त्याच्या हरवलेल्या पत्त्याचाच शोध घेतला गेला. वाटा दोन असल्या तरी मर्म एकच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बेघर व निराधार मनोरुग्णांना मोफत उपचारांचा हक्क दिला, हे मोठेच पाऊल होय. बोस्टनच्या कार्यकर्त्यांनी १९८५ च्या आधी जी मागणी केली होती, तिचाच स्वर या कायद्यात उमटतो.

इतिहासाचा बोध

आरोग्यसेवेच्या कोणत्याही कार्यात इमारती, यंत्रे व देणग्या यांचा हिशेब सहज ठेवला जातो, आणि तो ठेवलाही पाहिजे. बोस्टनचा इतिहास त्यापुढील हिशेब मागतो. दवाखान्याच्या दारापर्यंत कोण येऊ शकले नाही? आलेला कोण न बोलता परत गेला? बरा म्हणून पाठविलेला माणूस त्या रात्री कोठे झोपला? हे प्रश्न विचारण्यासाठी फार पैसा लागत नाही. ज्यांनी ते विचारले त्यांना उत्तरेही अगदी साधी मिळाली : दिवसा झोपता येईल अशी एक खाट, तोच चेहरा पुन्हा दिसण्याची खात्री, कोरड्या मोज्यांचा एक जोड आणि कोमट पाण्याचे एक घमेले.

ही उत्तरे घराची जागा घेऊ शकत नाहीत. डॉक्टर, परिचारिका व सेवाभावी संस्था मिळूनही घराचा अभाव पूर्णपणे भरून काढता आला नाही, हे त्या चाळीस वर्षांच्या नोंदींनी प्रामाणिकपणे मान्य केले आहे. पण घर मिळेपर्यंत माणूस जगला पाहिजे, आणि तो जगावा यासाठी कोणीतरी उंबरठा ओलांडून त्याच्यापर्यंत गेले पाहिजे. केसपेपरवरील पत्त्याचा रकाना कोरा राहिला म्हणून लेखणी थांबू नये, इतकेच या इतिहासाचे मागणे आहे.